टेबलावर काय ठेवायचं: २.१ सेट की दोन मोठे स्पीकर?

टेबल छोटं आणि बजेट एकच असेल, तर २.१ सेट (दोन छोटे स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी वेगळा सबवूफर) घ्यावा की तेवढ्याच पैशात पाच इंची पॉवर्ड, म्हणजे अॅम्प्लिफायर आतच असलेल्या, स्पीकरची जोडी? खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा, फुगवलेला) आकडा आधी विसरा.

जागेत २.१ सरस, सबवूफर टेबलाखाली जातो. बिघाडाचं म्हणाल तर दोन्हीकडे अॅम्प्लिफायर बहुधा एकाच खोक्यात असतो. तो गेला की सगळंच मुकं.

खरा फरक आवाजात. स्वस्त सेटमधल्या चिमुकल्या स्पीकरना खालचे सूर झेपत नाहीत, म्हणून सबवूफरला १५० हर्ट्झ किंवा त्याहून वरपर्यंत राबावं लागतं. पुरुषी आवाजाचा मूळ सूर याच पट्ट्यात येतो. मग बोलणारा पडद्यावर आणि त्याची घुमघुम आपल्या पायाशी! सुमारे ८० हर्ट्झखाली मात्र आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही. पाच इंची जोडी बहुतेक संगीत नीट पेलते. स्फोटाचा हादरा तिच्याकडे मागू नये.

गेम आणि सिनेमे जास्त, जागा कमी: २.१ घ्या, बेसचं बटण अर्ध्याखाली ठेवा (खाली शेजारी राहत असतील तर आणखी खाली). गाणी, मीटिंग, एडिटिंग असेल तर जोडी, तीही सबवूफर आउटपुट असलेली. सबवूफर नंतर जोडता येतो.