आठ महिने सेजमॅथ वापरल्यावर

मी पदवीच्या वर्गांना गणित शिकवते. 2022 मध्ये गणितज्ञ जून हू यांना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला मोठा सन्मान, मिळालं, तेव्हापासून त्यांचं काम समजून घ्यायचं मनात होतं. पण पेपर उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गाडी अडायची. गेले आठ महिने रोज रात्री तासभर सेजमॅथ हे गणिताचं सॉफ्टवेअर घेऊन बसते आहे. अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे मोजणीचे प्रश्न बीजगणिताने हाताळणारी शाखा, वाचायची माझी पद्धतच त्याने बदलली.

सेजमॅथ फुकट आहे, पायथनवर चालतं. विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये ते सुरू केलं. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवावं लागतं, त्यात एक संध्याकाळ जाते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पीटरसन ग्राफने. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणजे कडा; यात 10 बिंदू, 15 कडा. कडेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही, तर दिलेल्या रंगांत हा ग्राफ किती प्रकारे रंगवता येतो, हे क्रोमॅटिक बहुपदी सांगते. एका ओळीत उत्तर आलं. चिन्हं सोडून सहगुणक असे: 1, 15, 105, 455, 1353, 2861, 4275, 4305, 2606, 704. चढत जातात, मग उतरतात. 15 म्हणजे कडा. 105 आणि 455 म्हणजे 15 कडांतून दोन आणि तीन निवडायचे प्रकार. मग चार निवडायचे प्रकार तर 1365, इथे 1353 का? 12 कमी का पडले, हे मी कागदावर मोजत बसले. या ग्राफमध्ये बरोबर 12 पंचकोन आहेत, आणि प्रत्येक पंचकोनामागे चार कडांची एक निवड गळते! त्या रात्री झोप लागली नाही.

हे सहगुणक चढून मग उतरतातच का, हा प्रश्न रोनाल्ड रीड यांनी 1968 मध्ये मांडला. हू यांनी त्याचं उत्तर बैजिक भूमितीतून दिलं; 2012 मध्ये ते छापून आलं. प्रत्येक सहगुणकाचा वर्ग शेजारच्या दोघांच्या गुणाकारापेक्षा कमी नसतो, इतकं बळकट ते विधान आहे. पुढे आदिप्रासितो, हू आणि काट्झ यांनी 2018 मध्ये तेच मॅट्रॉइडांसाठी (ग्राफपेक्षा व्यापक अशा अमूर्त रचनांसाठी) सिद्ध केलं, जिथे मागे भूमितीय आकृती असेलच असं नाही. ग्राफ रंगवण्याच्या प्रश्नाला हॉज सिद्धांतासारखं भूमितीतलं जड हत्यार लागावं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

शूर फलनांसाठीही सेज उत्तम. ही एक प्रकारची सममित बहुपदी; (2,1) सारख्या उतरत्या आकड्यांच्या यादीने ती ओळखायची. (2,1) ला (2,1) ने गुणलं की (3,2,1) चा सहगुणक 2 येतो. अशा गुणाकारात येणारे सहगुणक म्हणजे लिटलवूड–रिचर्डसन आकडे; ते हर्मिशियन मॅट्रिक्सांच्या (संख्यांच्या चौकोनी मांडणीचा एक प्रकार) बेरजेच्या आयगेनव्हॅल्यूंच्या (मॅट्रिक्सशी जोडलेल्या खास संख्यांच्या) प्रश्नातही भेटतात. त्या आयगेनव्हॅल्यू कोणत्या असू शकतात, याबद्दलची हॉर्न यांची 1962 ची अटकळ क्ल्याच्को, नुटसन आणि ताओ यांच्या कामातून नव्वदच्या दशकाअखेर सुटली.

एक सांभाळा: सेज क्रमपर्यायांचा (पर्म्युटेशन्सचा) गुणाकार डावीकडून उजवीकडे करतं. माझी सवय उलटी, त्यामुळे हातचं उत्तर दोन दिवस जुळेना. आणि सेज आकडे देतं, कारण देत नाही. सिद्धतेसाठी कागद-पेन हवंच.

बसवायची तयारी नसेल तर ब्राउझरमधलं सेजसेल उघडा आणि पीटरसन ग्राफपासूनच सुरुवात करा. 1353 पर्यंत मी सांगितलं. 2861 कुठून आला, ते मोजून पाहा.