डॉक्टर व्हायचंय, बास्केटबॉलही खेळायचंय: डिव्हिजन वन की डिव्हिजन थ्री?

न्यू जर्सीतल्या एका ताईंची मुलगी अशा पेचात आहे. (डिव्हिजन वन आणि थ्री हे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचे गट; वनमध्ये खेळाची स्पर्धा सर्वांत तगडी.) प्रशिक्षक दोन्हीकडचे गोडच बोलतात, ते बाजूला ठेवू.

पैसा: डिव्हिजन वनची पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे फी, राहणं, जेवण सुटलं. पुढे, पदवीनंतर, मेडिकलचं कर्ज आहेच, त्यामुळे ही रक्कम लहान नाही. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी दमडी मिळत नाही, नियमच तसा. मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. (आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल अशा आठ विद्यापीठांचा गट, डिव्हिजन वन असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.)

वेळ: खरी मेख इथे. डिव्हिजन वनमध्ये हंगामात सराव-सामन्यांना आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण प्रवास आणि फिजिओकडचा वेळ त्यात धरत नाहीत. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे दोन्ही सत्रं कापली जातात. त्यात मेडिकलसाठी लागणाऱ्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब दुपारी आणि सरावही दुपारी! डिव्हिजन वनमध्ये उन्हाळ्यातही सराव असतो. डिव्हिजन थ्रीत उन्हाळा सहसा मोकळा, आणि एमसीएटीचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास, रुग्णालयातला अनुभव, संशोधन तेव्हाच उरकतं.

दर्जा: थ्री म्हणजे तिसरा दर्जा नव्हे. जॉन्स हॉपकिन्स, एमोरी, शिकागो विद्यापीठ यांचे बास्केटबॉल संघ तिथेच खेळतात.

शिष्यवृत्तीशिवाय कॉलेज झेपणार नसेल आणि पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून मेडिकलला अर्ज करायची तयारी असेल, तर डिव्हिजन वन. पदवीनंतर लगेच प्रवेश हवा असेल, तर डिव्हिजन थ्री.