कोथरूडच्या बंगल्यातून सदाशिव पेठेतल्या वन बीएचकेत: दीड वर्षानंतर

ज्यांचा बंगला किंवा सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे आणि ‘तोवर राहायचं कुठे’ यावरून घरात रोज वाद होतायत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. आमचा कोथरूडचा बंगला सासऱ्यांनी बांधलेला. खाली आम्ही, वर दीर-जाऊ. बिल्डरकडून दरमहा भाड्याची रक्कम मिळते. तेवढ्यात कोथरूडलाच टू बीएचके बसत होता आणि दिरांनी तो घेतलाही. आम्ही मात्र सदाशिव पेठेत जेमतेम साडेचारशे चौरस फुटांत शिरलो. आम्ही दोघं, सासूबाई आणि टिळक रस्त्यावर कॉलेजला जाणारी लेक. ह्यांची बँक तिथून चालत दहा मिनिटांवर. सगळ्यांनी वेड्यातच काढलं होतं.

जागा लहान पडते का? पडते, पण वाटलं होतं तिथे नाही. दिवसा काही जाणवत नाही, कारण दिवसा घरी असतं कोण! खरी गंमत रात्री. बेडरूम सासूबाई आणि लेकीला दिली, आम्ही हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर. तो उघडला की त्याची कड फ्रिजला टेकते आणि फ्रिजचं दार चार बोटंच उघडतं. म्हणून साडेदहाच्या आत पाण्याच्या बाटल्या, विरजणाचं दूध, सासूबाईंचं इन्सुलिन, सगळं बाहेर काढून ओट्यावर. एखाद्या दिवशी दूध आत राहिलं की रात्री बेड पुन्हा मिटायचा. पहिले दोन महिने यावरून चिडचिड व्हायची, आता कोणी बोलतही नाही.

साठवणीचं गणित मात्र पूर्ण बदललं. बंगल्यात वर्षाचे गहू भरायचो. इथे माळ्यावर बॅगा आणि दिवाणात पांघरुणं गेली की संपलं. पण खालीच गिरणी, समोर वाणी आणि मंडई चालत. पाच किलो दळण, दोन दिवसांची भाजी, झालं. थोडक्यात, आपली कोठीची खोली पेठेत सगळीकडे पसरलेली असते आणि तिचं भाडं आपण वेगळं देत नाही. उरलेलं सामान आम्ही गोडाऊनमध्ये ठेवलं. तिथे महिन्याचं भाडं चालू आहेच, ते हिशेबात आधीच धरा. लोखंडी कपाटं या जिन्यात वळत नाहीत, ती थेट तिकडेच पाठवा.

आणि ते ‘कमी सामानात मन हलकं होतं’ वगैरे म्हणणाऱ्यांनी दिवाळीचा फराळ वीतभर ओट्यावर करून बघावा. चकलीचा सोऱ्या एका हातात, झारा दुसऱ्या हातात, आणि तळलेलं ठेवायला जागा वॉशिंग मशीनच्या डोक्यावर. यंदा चकली-अनारसे सरळ विकत आणले. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग त्यांनीच निम्मा डबा संपवला.

सासूबाईंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण निर्णय मुख्यतः त्यांच्यासाठी होता. लिफ्ट नाही, म्हणून पहिला मजला ही आमची एकच अट होती. बंगल्यात त्या गेटपाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि दुपारभर एक माणूस दिसायचं नाही. इथे सकाळी खुन्या मुरलीधराचं देऊळ, येताना भाजीवालीशी अर्धा तास घासाघीस, संध्याकाळी शेजारच्या वाड्यातल्या दोघी-तिघींबरोबर कट्टा. ऑगस्टमध्ये लेकीबरोबर भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेतल्या, एकांकिका बघून आल्या. ‘आई, कळलं का काही?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘नाही, पण पोरं ओरडत छान होती.’ गुडघे दुखतातच. पण विचारलं तर आता त्याबद्दल चौथ्या नंबरला बोलतात.

आता त्रास. पार्किंग नाही म्हणजे नाही. रस्त्यावर सम-विषम तारखांचा खेळ, आणि तारीख विसरलात की गाडी उचलली. आम्ही चारचाकी दिरांकडे ठेवली, इथे एक स्कूटर. २९ सप्टेंबर २०२४ ला मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, त्यामुळे बांधकाम बघायला जाणं सोपं आहे: मंडईहून डिस्ट्रिक्ट कोर्ट, तिथे गाडी बदलून आयडियल कॉलनी. पावसाळ्यात चौघांचे कपडे हॉलभर दोऱ्यांवर, आणि कुबट वास पंख्याने जात नाही. डास भरपूर. पाहुणा राहायला आला तर झोपवायला जागा नाही. ताप आलेल्या माणसाला वेगळं ठेवायलाही नाही. लेकीला फ्लू झाला तेव्हा सासूबाईंना दिरांकडे पाठवावं लागलं. हा मुद्दा घर बघताना कोणी सांगत नाही.

आवाजाची सवय होते असं म्हणतात. स्कूटरच्या हॉर्नची होते. ढोल-ताशाची नाही. गणपतीआधी कितीतरी दिवस नदीकाठचा सराव ऐकू येतो. आणि विसर्जनाच्या मिरवणुका लक्ष्मी रस्त्यानेच नाही, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यानेही जातात. म्हणजे आपण मधोमध. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खिडकीची तावदानं थरथरत होती. लेक अर्थातच रात्रभर बाहेर. घरात तान्हं बाळ किंवा हृदयाचं दुखणं असलेलं माणूस असेल तर त्या दोन दिवसांची सोय आधी करा.

करारातलं एक नीट ऐका. एजंट ‘काकू, अकरा महिन्यांचाच करतात सगळे’ म्हणेल. रीडेव्हलपमेंटवाल्यांनी तसा करू नये, बांधकाम काही अकरा महिन्यांत होत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, कितीही महिन्यांचा असो, नोंदणी लागतेच, मग चोवीसचा करा. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के धरलेल्या व्याजावर ०.२५ टक्के. समजा भाडं २२,००० आणि डिपॉझिट एक लाख, तर दोन वर्षांचे साधारण १,४०० रुपये, वर महापालिका हद्दीत १,००० नोंदणी फी. ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. मालकाला मधेच घर रिकामं करून मागता येऊ नये म्हणून लॉक-इन, म्हणजे अमुक महिने करार मोडायचा नाही ही अट, लिहून घ्या. आणि बिल्डरच्या भाड्यातून टीडीएस कापला जात असेल तर सीएला विचारा. अशा ट्रान्झिट रेंटवर टीडीएसचा प्रश्नच येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे.

कायमचं राहीन का इथे? नाही. चौघांना एकच बाथरूम आणि सकाळी साडेसहा ते आठ हीच वेळ सगळ्यांची, हे जन्मभर जमणार नाही. पण दिरांसारखा कोथरूडला टू बीएचके घेतला असता तर बरं झालं असतं, असंही एकदाही वाटलं नाही. बिल्डर आता ‘अजून सहा-आठ महिने’ म्हणतोय, म्हणजे करार वाढवावा लागणार. मालक भाडं वाढवून मागतायत. वाढ देऊ, पण आधी सगळ्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवून द्या, असं सासूबाईंनी त्यांना परस्पर फोन करून कळवलं आहे.