टेफ्लॉनचा रॉड: व्हर्जिन घ्यावा की रिप्रोसेस?

कुपवाडला किंवा सातारा एमआयडीसीत लेथ टाकून टेफ्लॉनची जॉबवर्क घ्यायची म्हटलं, की पहिल्याच खरेदीला हा प्रश्न उभा राहतो. दुकानात एकाच मापाचे दोन रॉड, एक व्हर्जिन म्हणजे कोऱ्या पावडरीचा, दुसरा रिप्रोसेस म्हणजे वापरलेल्या मालातून पुन्हा बनवलेला. दोन्ही पांढरे, आणि किलोच्या भावात भरपूर अंतर. पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन, किती तापमान सोसतं, कुठल्या ॲसिडला दाद देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी दोन्ही वापरतो. दोन्ही माल आजही माझ्या रॅकवर आहेत, मात्र एकाला कप्पा मोठा दिलाय.

आधी रिप्रोसेसची बाजू सांगतो, कारण त्याची बदनामी जरा जास्तच होते. तो नकली माल नव्हे. लेथवरचा कीस आणि वाया गेलेले तुकडे गोळा करून, साफ करून, दळून, दाबाखाली भाजून तो रॉड बनतो. कन्व्हेयरचे गाईड, फिक्स्चरमधले पॅड, सरकत्या भागाखालच्या पट्ट्या अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षं चालतो. नुसतं घासणं आणि सरकणं असेल, गळती अडवायची नसेल, तर व्हर्जिनला पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

पण टेफ्लॉनचा स्वभाव पीपी किंवा एचडीपीई या नेहमीच्या प्लास्टिकसारखा नाही. ते ३२७ अंशांना वितळतं म्हणतात, पण वितळूनही वाहत नाही, घट्ट जेलीसारखं जागच्या जागी राहतं. म्हणून ते इंजेक्शन मशिनमध्ये घालता येत नाही. पावडर दाबायची आणि ३७० अंशांच्या आसपास भाजायची, हीच रीत. कोरी पावडर या भट्टीत एकजीव होते. एकदा भाजून झालेल्या किसाचे कण मात्र दुसऱ्यांदा तितके मिसळत नाहीत. कणाकणांमध्ये बारीक पोकळी राहते, आणि साफ करताना सुटलेली घाण काळा ठिपका होऊन आत बसते.

माझा निर्णय या पोकळीनेच केला. बॉल व्हॉल्व्हची सीट घ्या, म्हणजे बॉल जिच्यावर टेकून गळती अडवतो ती कडी. फेसिंग केलं, बाहेरचा व्यास काढला, बोअर केला, खाच मारली. शेवटी बॉल जिथे टेकतो त्या ओठावर फिनिश कट मारला, आणि तिथे सुई टोचल्यासारखं एक छिद्र उघडं पडलं. तोवर बाहेरून त्याचा मागमूस नसतो. टेफ्लॉनला ना डाग देता येतो, ना लांबी भरता येते. जॉब गेला, आणि त्याच्यासोबत टर्नरचा वेळ गेला. पुढचा तुकडा चकमध्ये धरायचा, तर त्यातही तेच निघेल की नाही, हे परत शेवटच्या कटलाच कळणार. लॉट चांगला लागला तर दिवस सुरळीत जातो, हे कबूल. पण गळीत हंगामात कारखान्याचा फिटर दारात थांबलेला असतो, तेव्हा चांगल्या लॉटच्या भरवशावर मला बसवत नाही.

भावाचं गणितही नीट मांडून बघा. ५० मिलिमीटर बाहेरचा आणि ३८ आतला व्यास असलेली सीट भरीव रॉडमधून काढली, तर नुसत्या बोअरमध्येच निम्म्याहून जास्त, ५८ टक्के माल कीस होऊन जातो. म्हणून सीटसाठी मी भरीव रॉड घेतच नाही, व्हर्जिनचा पोकळ बुश घेतो. दोन रॉडच्या भावातलं बरंचसं अंतर तिथेच भरून निघतं. रिजेक्शन धरलं तर माझ्या कामात व्हर्जिन महाग पडलेलं नाही. तुमचे जॉब साधे असतील तर हिशोब वेगळा निघू शकेल.

काही ठिकाणी निवडीला जागाच नाही. डेअरीच्या लाइनला अन्नासाठी चालणारा माल आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं, तिथे व्हर्जिनच. विजेच्या इन्सुलेशनलाही तेच, कारण पोकळीतूनच स्पार्क उडतो.

मापाचा त्रास मात्र दोघांनाही सारखा. टेफ्लॉनची रचना १९ अंशांच्या आसपास बदलते आणि आकारमानात साधारण एक टक्क्याचा फरक पडतो. आपल्याकडे डिसेंबरातली सकाळ त्याच्या खाली असते आणि दुपार बरीच वर. सकाळी मायक्रोमीटरने पास केलेला बुश दुपारी हाउसिंगमध्ये घट्ट बसतो. शेड ऊबदार झाल्यावर फायनल माप घ्या, रॉड कुठलाही असो.

आता व्हर्जिनकडे कल देऊन मी रिसायकलिंगच्या विरोधात बोलतोय असं वाटेल. तसं नाही. टेफ्लॉन कुजत नाही. एकदा बांधावर किंवा ओढ्यात गेलं की तिथेच राहतं, आणि मला ते मनापासून नकोसं वाटतं. पेटवायचं तर नावच काढू नका, त्याचा धूर विषारी असतो. किसाचे हात न धुता विडी ओढली तरी अंगात कणकण भरते. कीस परत वापरात जायलाच हवा. पण गळती अडवणारी सीट ही त्याची योग्य जागा नाही, एवढंच माझं म्हणणं. त्याला दुसऱ्या वाटा आहेत. गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरणांचा मारा करून त्याची बारीक भुकटी करतात, ती छपाईच्या शाईत, ग्रीसमध्ये, कोटिंगमध्ये जाते. जर्मनीत बुर्गकिर्शेनला २०१५ मध्ये एक प्लांट सुरू झाला होता. तिथे हा कचरा तापवून पुन्हा मूळ वायूपर्यंत नेत, म्हणजे त्यातून कोरी पावडर करता येई.

आपल्या हातात आहे ते किसाचं पोतं. माझ्याकडे टेफ्लॉनच्या लेथखाली वेगळा ट्रे असतो, त्या मशिनवर लोखंडाचा जॉब चढत नाही, आणि कूलंटही वापरत नाही. कोरा पांढरा कीस एका पोत्यात, काचतंतू मिसळलेल्या (ग्लास भरलेल्या) टेफ्लॉनचा दुसऱ्या, कार्बन आणि ब्राँझ मिसळलेल्याचा तिसऱ्या. ब्राँझचे चार धागे पांढऱ्यात पडले तरी पुढच्या कोणाच्या तरी रॉडमध्ये ते ठिपके होऊन निघतात. वेगळा ठेवलेला पांढरा कीस घ्यायला व्यापारी स्वतःहून येतो आणि भावही बरा देतो. मिसळलेल्या पोत्याला मात्र तो हात लावायला कुरकुरतो.