वाढ, पुरेपणा आणि गरिबाचा हक्क : तीन ख्रिस्ती भूमिकांची तुलना

मंडळीचा निधी कुठे गुंतवावा किंवा अभ्यासवर्गात अर्थकारणाविषयी काय शिकवावे, हे ठरवणाऱ्या ख्रिस्ती माणसासमोर निदान तीन भूमिका येतात. आर्थिक वाढ हवी की नको एवढ्यावरच त्यांचा मतभेद नाही. वाढलेल्या पिकावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नावर त्या खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात.

पहिली भूमिका कारभारीपणाची आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला दोष मिळतो, म्हणून उद्योग, बचत आणि वाढ ही देवाने सोपवलेली जबाबदारी ठरते. अठराव्या शतकातील मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी शक्य तितके कमवा, शक्य तितके वाचवा आणि शक्य तितके द्या असे सांगितले, आणि कमाईमुळे शेजाऱ्याचे नुकसान होता कामा नये अशी अटही घातली. जिथे लोकांना दोन वेळचे जेवण मिळत नाही तिथे वाढीची इच्छा हा लोभ नव्हे, हे ही भूमिका ठामपणे सांगते आणि ते मला महत्त्वाचे वाटते. पण इथे न्याय शेवटी देणाऱ्याच्या मर्जीवर उरतो, आणि वेस्लींचे पहिले दोन शब्द लक्षात ठेवून तिसरा विसरणे फार सोपे असते.

दुसरी भूमिका कॅथलिक सामाजिक शिकवणीची. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला. मात्र मजुराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, असेही बजावले. नंतरच्या पोपांपैकी सहावे पॉल यांनी 1967 मध्ये विकास म्हणजे निव्वळ आर्थिक वाढ नव्हे असे लिहिले. दुसरे जॉन पॉल यांनी 1991 मध्ये कायद्याच्या चौकटीतील बाजारपेठ स्वीकारली. आणि फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये जगाच्या काही भागांनी कमी वाढ पत्करावी, म्हणजे इतरत्र निकोप वाढीला साधने मिळतील, असे स्पष्ट म्हटले. वाढीचा प्रश्न इथे ‘कोणासाठी आणि कुठे’ असा विचारला जातो. मात्र वाढ किती कमी करायची आणि ते कोणी ठरवायचे, याचे मोजमाप ही शिकवण देत नाही.

तिसरी भूमिका रिफॉर्म्ड मंडळ्यांनी, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्रोटेस्टंट मंडळ्यांनी, 2004 मध्ये घानामधील अक्रा येथे मांडली. बेबंद संचय आणि अमर्याद वाढ त्यांनी नाकारली, आणि आर्थिक न्याय हा श्रद्धेचाच विषय असल्याचे जाहीर केले. गरिबी ही व्यवस्थेतून कशी घडते हे इतक्या धीटपणे फार थोड्यांनी सांगितले आहे. पण ज्याला उद्या एखादा लहान धंदा सुरू करायचा आहे, त्याच्या हाती तिच्यातून फारसे लागत नाही.

या तिन्हींखेरीज पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची परंपरा 1989 पासून 1 सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना करते आणि उपवासातून पुरेपणा शिकवते. धोरण ठरवण्यापेक्षा राहणी बदलण्यासाठी ती अधिक उपयोगी आहे.

या तीन भूमिका मी बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातल्या शेतावर पारखून पाहतो. तिथे मालकाने शेताच्या कडेपर्यंत कापणी करायची नाही, आणि विळ्यातून निसटलेली कणसे वाकून उचलायची नाहीत. तो सरवा गरिबाचा आणि परक्याचा आहे. तो भीक म्हणून दारात वाढला जात नाही, गरीब स्वतः शेतात येऊन वेचतो. पुढे 25 व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायला सांगितले आहे. पेरणी, हक्क आणि विसावा हे तिन्ही त्या एकाच शेतावर लागू होतात. पहिली भूमिका सरव्याच्या हक्काचे रूपांतर दानात करून टाकते, तर तिसरीचे लक्ष शेताच्या मालकीवर जास्त आणि पेरणीवर कमी असते. त्यामुळे निधीसारख्या निर्णयासाठी मी दुसरी भूमिका निवडेन आणि परताव्याच्या आधी त्या उद्योगातील मजुरी तपासेन.

कर्जाच्या बाबतीत मात्र ती एकटी पुरी पडत नाही, कारण कर्जात बुडालेल्या माणसाची वाढीव मजुरी व्याजातच जाते. तिथे तिसऱ्या भूमिकेकडून योबेल वर्षाचा आग्रह घ्यावा लागतो, म्हणजे पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाला परत मिळण्याचा नियम. 2000 साली गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी याच योबेलच्या नावाने मोहीम झाली, आणि तिच्यात कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघेही उतरले होते.