१०९८ की पोलीस ठाणं?

कळव्याच्या चाळीत शेजारच्या पोराच्या अंगावर रोज नवे वळ दिसतात, पण खात्री नाही? मग १०९८, ही मुलांसाठीची मदतवाहिनी. फोन फुकट, चोवीस तास. पुरावा तुम्ही गोळा करायचा नसतो. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल ताब्यात घेतलं, तर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. जीवच धोक्यात असेल तर सरळ ११२, हा आपत्कालीन क्रमांक.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला की मात्र मी पोलीस ठाणंच म्हणेन. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक. गप्प बसलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लोक खाकीला बिचकतात (ठाण्यात राहून ठाण्याची भीती!), पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. समितीला २४ तासांत कळवणं पोलिसांनाही चुकत नाही.