डेमोचं मशीन वेगळं, डब्यातलं वेगळं

वणीहून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. एक रॅम्प, एक प्रेशर पंप, बोअर आणि हाताखाली माझा भाचा. या रस्त्यानं रात्रंदिवस कोळशाचे ट्रक चालतात. सकाळी ओटा झाडला की दुपारपर्यंत त्यावर काळी पूड बसते, मग उभ्या गाडीचं काय सांगावं. लोक घाईत निघताना कोरडं फडकं मारतात आणि ती पूड फडक्याखाली रंगावर घासली जाते. दोन-तीन वर्षं असं चाललं की काळ्या, निळ्या, मरून गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागतात. धुतल्यानं ते जात नाहीत, त्याला मशीननं पॉलिशच करावं लागतं.

गिऱ्हाईक कायम विचारायचं, "भाऊ, पॉलिश मारून देता का?" नागपूर-चंद्रपूरला या कामाचे चार-पाच हजार घेतात. आपल्याकडचा माणूस एवढे देत नाही, पण हजार-बाराशे आनंदानं देतो. पाच हजारांच्या आत एखादं बरं मशीन मिळालं तर दोन महिन्यांत पैसे वसूल होतील, असा माझा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता. खरेदी करताना मी जे पाहायला पाहिजे होतं ते पाहिलं नाही, आणि तेच सांगायला हे लिहितो आहे. यंदाही दसऱ्याच्या आधी मशीन विकणाऱ्या व्हॅन गावोगाव फिरतील.

मागच्या वर्षी दसऱ्याला आठ-दहा दिवस होते. सोयाबीन निघत होतं, पूजेसाठी लोक गाड्या धुवायला रांगेनं आणत होते. अशा गर्दीत एक व्हॅन येऊन थांबली. दोघं उतरले, अंगात एकसारखे टी-शर्ट, बोलायला गोड. "नागपूरहून आलो भाऊ, दसरा ऑफर आहे. पाच मिनिटं द्या, घ्या नाहीतर नका घेऊ."

धुऊन वाळत असलेली एक काळी गाडी उभी होती. मालकाला विचारून त्यांनी बोनेटच्या मधोमध टेप मारला आणि अर्ध्या भागावर मशीन चालवलं. मशीन वजनदार होतं, आवाज जाड आणि एकसारखा. फोमच्या पॅडवर बिनलेबलच्या बाटलीतून पांढरं पॉलिश घेतलं, पाच-सात मिनिटं फिरवलं, मऊ कापडानं पुसलं. मी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. टेपच्या एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला आरसा. गाडीमालक तर खूशच झाला.

भाव सांगितला ३,८००. "दुकानात साडेआठला आहे." मी ३,६०० वर आणलं आणि यूपीआयनं पैसे टाकले. मग मी टेबलावरच्या त्याच मशीनला हात लावला, तर तो म्हणाला, "हे वापरलेलं कायले घेता भाऊ, तुमाले सीलपॅक देतो." व्हॅनमधून बंद डबा काढून हातात ठेवला.

सगळी फसवणूक त्या एका वाक्यात होती. नवं मिळतंय म्हणून मला बरंच वाटलं. समोर चार गाड्या थांबलेल्या होत्या, डबा उघडायचं सुचलंही नाही. तोपर्यंत व्हॅन निघून गेली.

डब्यावर छापलं होतं: ड्युअल ॲक्शन, १२०० वॉट. पॉलिश मशीन मुख्य दोन जातीचं असतं. रोटरी म्हणजे पॅड एका जागी, एकाच आसाभोवती फिरतं. ते पटकन कापतं, पण पटकन तापतंही. पेंटर लोक ते वापरतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड फिरतंही आणि काही मिलिमीटरच्या फेऱ्यात हलतंही, म्हणून उष्णता एका जागी साचत नाही. जास्त दाब पडला तर बहुतेक मशीनमध्ये त्याचं फिरणं मंदावतं, जवळजवळ थांबतं. शिकाऊ माणसाच्या हाती हेच द्यावं असं सांगतात ते याच कारणानं. मी ड्युअल ॲक्शन समजून पैसे दिले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी त्यांची मरून गाडी घेऊन आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं. गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, जिवापाड जपलेली. मीच म्हटलं, "गुरुजी, पॉलिश करून देतो, पैसे नको." आधी डिकीवर हातभर जागेत चालवून पाहिलं, चमक आली. मग बोनेट घेतलं. स्पीडचा आकडा १ वर होता, तरी मशीन हातातून ओढ घेत होतं. नवं आहे म्हणून असेल, असं मी धरून चाललो. बोनेटच्या कडेला जी उंच रेघ असते तिच्यावरून पॅड गेलं, मी दोन-तीन सेकंद तिथं थांबलो, आणि जळका वास आला. उचलून पाहिलं तर पांढरं पॅड मरून झालं होतं.

पॅडला रंग लागणं म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. आजकालच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. ओरखडे बहुतेक त्या थरातच असतात आणि पॉलिश करायचं ते तेवढ्याच थराला. त्यामुळे पॅडला गाडीचा रंग यायलाच नको. आला, म्हणजे क्लिअर कोट त्या जागी संपला. कंपनीतून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉनचा धरतात, म्हणजे आपण केसाहून पातळ थरावर काम करत असतो. कडा आणि उंच रेघा यांवर तो आणखी पातळ बसतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्यानं उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, तिथं तर फार लवकर जळतं.

बोटभर लांबीचा फिकट, कोरडा डाग पडला. गुरुजी डागावर बोट फिरवत थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "होते बाळा कधी कधी. पन हे मशीन आता दुसऱ्याच्या गाडीले लावू नको." बोनेट पेंटरकडून करून दिलं, त्याचे ४,५०० मी भरले. गुरुजी नको म्हणत होते.

त्याच आठवड्यात डेमोवाल्या काळ्या गाडीचा मालक आला. दोन धुण्यांत बोनेटवरचं जाळं जसंच्या तसं परत आलं होतं. म्हणजे डेमोत ओरखडे निघालेच नव्हते, बुजवले होते. काही पॉलिशमध्ये तेल आणि भरणारे पदार्थ असतात. ते ओरखड्यात जाऊन बसतात, तेवढ्यापुरती चकाकी येते आणि शाम्पूच्या पाण्यानं सगळं निघून जातं. ओरखडा खरंच गेला का, हे पाहायला पॉलिश केलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसतात. ते मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. पुसल्यावरही जागा स्वच्छ दिसली तर काम खरं. सॅनिटायझरचं जेल मात्र वापरू नका, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि पुन्हा थर बसतो.

मी विक्रेत्याला फोन लावला. पहिल्यांदा उचलला. "तुमच्याकडं व्होल्टेज राहत नाही, मशीनचा काय दोष?" व्होल्टेज आमच्याकडे पडतं हे खरं, संध्याकाळी मोटरपंप चालू झाले की दिवे पिवळे होतात. म्हणून ते बोलणं मला पटलंही. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमाले चालवताच येत नाही." तिसऱ्यांदा फोन बंद.

मशीन घेऊन मी वणीत मोटर वायंडिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्यानं आधी वायरला करंट मोजायचं क्लॅम्प मीटर लावलं. त्या वेळी लाइन २१५ व्होल्ट होती. लाकडी फळीवर दाबून चालवलं तरी करंट सव्वादोन ॲम्पिअरच्या वर जाईना. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर, कसंही धरा, पाचशे वॉटच्या आत. १२०० वॉटचं मशीन पूर्ण भारावर पाच ॲम्पिअरच्या पुढं जायला हवं. मग त्यानं चार स्क्रू काढून बॉडी उघडली, वायंडिंगची एक तार ब्लेडनं खरवडली आणि माझ्यासमोर धरली. वरचा लाखेचा थर निघाला तसा आतून पांढरा धातू चमकला. "भाऊ, हे तं अल्मुनमची तार हाये, तांबं नाईच." गिअरला ग्रीस नावापुरतं. आणि पुढची मुंडी सरळसोट ग्राइंडरची, हलण्याची काही सोयच नाही. मुंडीवर स्पिंडल, म्हणजे पॅड फिरवणारा दांडा, लॉक करायचं बटण होतं. ग्राइंडर आणि रोटरीला तसं असतंच. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. स्पीडच्या बटणानं वेग फारसा कमी होतच नव्हता. साधा अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो आणि पॉलिशला रोटरी ६०० ते ३,००० मध्ये चालवतात. माझ्या हातात काय दिलं होतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

तक्रारीचं सांगतो, कारण इथं मला बऱ्याच जणांनी परत पाठवलं. पहिला धक्का असा की डब्यात टाकलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर खोटा निघाला. हा नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कोणालाही तपासता येतो. मी टाकला तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्याच धंद्याचं नाव आलं, तेही नोंदणी रद्द झालेलं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे देण्याआधीही करता येतं. डब्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती, महिना-वर्ष नव्हतं. बंद पाकिटातल्या मालावर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे.

दुसरं म्हणजे एका ओळखीच्यानं सांगितलं, "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक होत नाही." ते ऐकून मी पंधरा दिवस गप्प बसलो. ते चूक होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्टच लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. सेंटरवर मी आणि भाचाच काम करतो, म्हणजे मी ग्राहक आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. यवतमाळला जाऊन-येऊन आमचा अख्खा दिवस जातो, म्हणून हे माहीत असणं मोठी गोष्ट आहे. त्याआधी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तिथं मराठीतही बोलता येतं. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिला, पूर्वीचं ४२० म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८. अर्जाला यूपीआयची पावती जोडली, कारण पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव तिच्यावर असतं. रोख दिले असते तर माझ्या हाती तेवढंही राहिलं नसतं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

मशीन मात्र मी पुन्हा घेतलं. या खेपेला दुकानातून, पक्कं बिल करून, ६,२०० ला. दुकानदाराला आधीच सांगितलं की डबा इथंच उघडणार आणि डब्यातलंच मशीन चालवणार. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्लग न लावता पॅडखालची प्लेट हातानं फिरवली. ती मोकळी फिरत होती आणि तिचा मध्य मोटरच्या मध्यापासून बाजूला सरकलेला स्पष्ट दिसत होता. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ ओढली आणि मशीन पुठ्ठ्यावर टेकवून चालवलं. हलकं धरलं की रेघ फिरते, दाबलं की मंदावते. वेग एकवर अगदी संथ, सहावर वाढलेला. हे एवढं पाहायला फार तर दहा मिनिटं लागली.

तीन हजारांच्या आत कोणी ड्युअल ॲक्शन देत असेल तर आधी ही रेघ ओढून पाहा. बजेट तेवढंच असेल तर ग्राइंडरला पॅड लावून गाडीवर फिरवू नका, त्यापेक्षा हातानं पॉलिश करा. वेळ लागतो, खांदे दुखतात, पण रंग जळत नाही. मशीन आलं की पहिले चार-पाच दिवस भंगारातल्या दरवाजावर शिका. मी शेवटी तेच केलं, दोनशे रुपयांत जुनं बोनेट मिळालं. कडांना मास्किंग टेप लावा. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या पत्र्याला तर मशीन लावूच नका, हात ठेवता येईल इतकी गाडी गार होऊ द्या.

गुरुजींच्या गाडीचं पॉलिश दिवाळीनंतर याच मशीननं केलं. त्यांनी स्वतःहून आणून दिली.

ते जुनं मशीन मी भंगारात घातलेलं नाही, तक्रारीला पुरावा म्हणून डब्यासकट ठेवलं आहे. खरवडलेली तार तशीच आहे. या बाजूला कधी आलात आणि मशीन घ्यायचा विचार असेल तर सेंटरवर थांबा, झाकण काढून दोन्ही मशीन शेजारी ठेवून दाखवतो.